दोन टोप आणि दोन अ‍ॅक्सल

गाडीचा मागचा अ‍ॅक्सल या विषयावर कोणी मला काही शिकवावं अशी माझी परिस्थिती नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी दत्तप्रसाद, मूळचा चिपळूणचा, शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर. कुवेतच्या एका पेट्रोकेमिकल कंपनीत पंप आणि कॉम्प्रेसर सांभाळतो. ज्या वस्तूला दांडा आहे आणि जी फिरते, तिच्याबद्दल मी न थांबता बोलू शकतो. घरात हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून मला कोणी विचारत नाही.

ऑफिसात मात्र विचारणारे दोघे भेटले. यासिर हा माझ्याच सेक्शनमधला तरुण कुवेती इंजिनिअर, आणि आतिफ हा त्याचा मोठा भाऊ, जो त्याला कधीमधी घ्यायला यायचा. दोघांकडेही मसल कार. म्हणजे लांब नाकाची, दोन दरवाजांची, पुढे प्रचंड इंजिन आणि मागे माणसांसाठी नावापुरती जागा असलेली अमेरिकन गाडी. सुरू झाली की आमच्या केबिनच्या काचा कुरकुरतात. यासिरची नवी होती आणि आतिफची जुनी, आधीच्या पिढीतली. दिसायला मावसबहिणी, पण मागून साफ वेगळ्या. जुनीच्या मागच्या दोन चाकांमध्ये एकच अखंड अ‍ॅक्सल, नवीची दोन्ही चाकं स्वतंत्र.

"अबू ओंकार, तूच सांग," यासिर म्हणायचा. ओंकार माझा मुलगा, आणि इथल्या पद्धतीप्रमाणे मी ओंकारचा बाप. आमचं बोलणं अर्धं इंग्रजीत आणि अर्धं हिंदीत चालायचं. "स्वतंत्र चाकं चांगली की नाहीत?"

"चांगली," मी म्हणायचो.

"साध्या खटाऱ्याबद्दल विचारत नाहीये तो," आतिफ म्हणायचा. "मसल कारबद्दल विचारतोय. त्यात एकच अ‍ॅक्सल हवा."

असं कित्येक आठवडे चाललं. मला उत्तर माहीत होतं, पण मी ते प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं, आणि ही गोष्ट मला दाताच्या फटीत अडकलेल्या बडीशेपेसारखी छळू लागली.

एका संध्याकाळी मी समिधाला, म्हणजे माझ्या बायकोला, हे सगळं समजावून सांगितलं. ती नारळ खोवत होती, त्यामुळे तिला उठून जाता येत नव्हतं. मी लाटणं घेतलं आणि त्याची दोन्ही टोकं दोन वाट्यांवर टेकवली.

"हा अखंड अ‍ॅक्सल. आता ही वाटी म्हणजे चाक. ती दगडावरून गेली, वर उचलली गेली, की बघ, सगळं लाटणं तिरकं झालं. दुसऱ्या चाकाचा काही संबंध नसताना तेही कललं. आणि स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये ज्या चाकाखाली दगड तेवढंच चाक वर जातं."

समिधाने खोवणं थांबवून लाटण्याकडे पाहिलं. "म्हणजे एकत्र कुटुंब आणि वेगळ्या चुली."

"अगदी तसंच."

"एकत्र कुटुंबात एकाचं पोट बिघडलं की सगळं घर मऊ भात खातं," ती म्हणाली. "पण मग एकट्याने काही जड उचलायचं झालं तर काय होतं, वेगळ्या चुलीवाल्यांचं?"

मी म्हटलं, गाडीत असं काही नसतं. हे माझं वाक्य तुम्ही लक्षात ठेवलं नाहीत तरी चालेल. मला ते विसरता आलेलं नाही.

नारळ सोलकढीसाठी चालला होता, आणि ती सोलकढी साधी नव्हती. कंपनीच्या एका कौटुंबिक जेवणात आतिफच्या बायकोने, हिबाने, समिधाच्या हातची सोलकढी प्यायली होती. डोळे मिटून प्यायली, आणि उघडल्यावर म्हणाली, "हे माझ्या घरी हवं." जहरा भागातल्या तिच्या घरी शुक्रवारी दुपारी सगळ्या नात्यातल्या बायका जेवायला जमायच्या होत्या. समिधाने जेवणानंतरची सोलकढी करून आणायची.

ओंकार शिकायला पुण्याला गेल्यापासून समिधा घरातल्या घरात हरवल्यासारखी वावरत होती. तीच भांडी पुन्हा घासायची, तीच कपाटं पुन्हा लावायची. हिबाचा फोन आला आणि बाई एकदम सरळ झाली. गावाहून येणाऱ्या कोणाकडून तरी कोकमाचं आगळ मागवलं. तीन प्रकारच्या मिरच्या चाखून त्यातली एक निवडली. मला रोज संध्याकाळी वाटीभर सोलकढी प्यायला लावून माझं तोंड निरखायची. "हे जमलं ना, तर मी हेच करणार आहे," ती एकदा म्हणाली. कशाबद्दल बोलतेय ते मी विचारलं नाही, कारण माझ्या डोक्यात तेव्हा अ‍ॅक्सल होता.

आमची गाडी नेमकी त्या आठवड्यात गॅरेजमध्ये गेली. हे कळल्यावर यासिर म्हणाला की तो घ्यायला येईल. आतिफ म्हणाला की हिबाला घेऊन तोही येईल. दोन गाड्या, एकच रस्ता, आणि जास्त हलली की सांडणारा पातळ पदार्थ. तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं?

मी समिधाला म्हटलं, "एका मोठ्या टोपापेक्षा दोन मध्यम टोप घेऊ. एकेका गाडीत एकेक."

"घट्ट झाकणाचे कॅन आहेत की आपल्याकडे."

"प्लास्टिकला लसणाचा वास धरतो. टोपच बरे. वर फडकं बांधू."

हे तिला पटलं, कारण ते खरं होतं. कॅनमधून काही सांडलं नसतं आणि मग मोजायचं काय, हे खरं कारण मी सांगितलं नाही. यासिर आणि आतिफला मात्र मी प्रयोग नीट समजावला होता. दोन्ही टोप मागच्या सीटवर, पट्ट्याने बांधलेले, कोणी हात लावायचा नाही, पोचल्यावर दोन्हींतली पातळी बघायची. दोघा भावांनी गंभीरपणे हस्तांदोलन केलं.

शुक्रवारी नमाजानंतर दोन्ही गाड्या आमच्या इमारतीखाली येऊन गुरगुरू लागल्या, तेव्हा वरच्या मजल्यांवरून माणसं डोकावली. समिधाने साडी नेसली होती. हिबा उतरून तिला बिलगली. आतिफच्या गाडीत पुढे हिबा आणि मागे टोपाशेजारी समिधा बसली. यासिरच्या गाडीत पुढे मी, मागे दुसरा टोप.

"समिधा, टोपाला हात लावू नकोस हां," मी खिडकीतून सांगितलं.

"का?"

"हाताची ऊब लागते. थंडावा जातो."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी काच वर केली.

आमचं सालमिया मागे पडलं आणि आम्ही सहाव्या रिंग रोडला लागलो. सुरुवातीलाच डाव्या बाजूचं डांबर उखडलेला एक पट्टा आला. यासिरची गाडी त्यावरून गेली. डावीकडून बारीक ठकठक ऐकू आली, पण मागे टोप देवघरातल्या मूर्तीसारखा स्थिर. फडक्यावर डाग नाही. मी लगेच समिधाला फोन लावला.

"तुमच्याकडे काय परिस्थिती?"

"डावं चाक खड्ड्यात जातंय आणि उजवीकडे बसलेली मी डुलतेय."

"टोप?"

"फडकं ओलं झालंय थोडं."

"वा," मी म्हणालो.

"अहो, सोलकढी सांडतेय आणि तुम्हाला आनंद कसला होतोय?"

मी म्हटलं, रेंज जातेय, आणि फोन ठेवला. मग यासिरला निकाल सांगितला. सांगायला नको होता. पुढे सिग्नल लाल होता आणि आतिफची गाडी शेजारीच येऊन उभी राहिली. यासिरने काच खाली केली.

"तुझं फडकं ओलं झालं म्हणे."

आतिफने शांतपणे समोर पाहिलं. "खड्ड्यात कोणीही हळू जातं. मसल कार खड्ड्यांसाठी नसते. इथून निघून दाखव."

"आतिफ," हिबा म्हणाली. त्या एका शब्दात अख्खं वाक्य होतं. आतिफने ते ऐकलं आणि त्याचा पाय ब्रेकवरच राहिला. यासिरला असं नाव घेऊन थांबवणारं शेजारी कोणी नव्हतं. मी होतो, पण मला उत्सुकता होती.

सिग्नल हिरवा झाला. यासिरने पाय पूर्ण दाबला.

पुढे काय झालं ते तेव्हा मला कळलं नाही, म्हणून आता कळलेलं सांगतो. एवढ्या मोठ्या इंजिनाची ताकद एकदम मागच्या चाकांवर आली. स्वतंत्र चाकं छोट्या छोट्या दांड्यांवर आणि रबरी बुशांवर बसवलेली असतात. ती रबरं आधी पिळली जातात, मग पीळ सुटतो. चाक रस्ता पकडतं, सोडतं, पुन्हा पकडतं, पुन्हा सोडतं. म्हणजे गाडी पुढे जाण्याऐवजी मागच्या पायांवर नाचते. अखंड अ‍ॅक्सलला पिळायला फारसं काही नसतं, म्हणून तो अशा वेळी सरळ ढकलतो. शर्यतीवाले लोक त्याला अजून का कवटाळून आहेत, ते मी पुस्तकात वाचलं होतं. पुस्तकात टोप नव्हता.

आमची गाडी डांबरावर दणदण दणदण आपटू लागली, जणू मागे कोणी उखळात कांडतंय. टोप सीटवरून वर उठला, खाली बसला आणि पुन्हा उठला. चौथ्या की पाचव्या दणक्याला फडकं सुटलं आणि सोलकढीची एक लाट पुढे आली. अर्धी छताला लागली. छताला लागलेली अर्धी पुन्हा आमच्यावर आली. यासिरचा पांढरा स्वच्छ दिशदाशा, म्हणजे पायघोळ अंगरखा, मानेपासून गुडघ्यापर्यंत गुलाबी झाला. माझ्या कानात कोथिंबीर गेली.

त्याने पाय काढला. गाडी कडेला लागली. छतावरून अजून ठिबकत होतं.

"अबू ओंकार," यासिर सावकाश म्हणाला, "याला लसूण का घालतात?"

मी उत्तर देणार तेवढ्यात मागे पोलिसांची गाडी येऊन थांबली. तरुण पोलिस चालत आला, खिडकीत वाकला आणि यासिरची लाल-गुलाबी छाती बघून एकदम मागे सरला. त्याने बिनतारी यंत्राकडे हात नेला. यासिर घाईघाईने अरबीत काहीतरी म्हणाला. जखम नाही, पेय आहे, असं असावं. पोलिसाचा चेहरा बदलला. काळजी गेली आणि संशय आला.

"काय पेय आहे विचारतोय," यासिरने मला सांगितलं.

"फळाचं आहे म्हणावं. कोकम."

"घरी केलेलं?"

"हो तर. शंभर टक्के घरचं."

"फळ ताजं असतं का?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण प्रश्न तांत्रिक होता. "ताजं नाही," मी म्हणालो. "मीठ घालून बरेच दिवस मुरवतात. जितकं जुनं तितकं चांगलं."

यासिर प्रामाणिक मुलगा. त्याने शब्दन् शब्दाचं भाषांतर केलं. फळाचं, घरी केलेलं, बरेच दिवस ठेवलेलं, जितकं जुनं तितकं चांगलं. ज्या देशात दारूला थेंबभरही परवानगी नाही, तिथे रस्त्याच्या कडेला उभं राहून मी हे वर्णन केलं होतं. पोलिसाने मला गाडीतून उतरायला सांगितलं. नोकरी, व्हिसा, परतीचं विमान, चिपळूणला लोक काय म्हणतील, सगळं क्रमाने डोळ्यांपुढून गेलं.

तेवढ्यात समिधा आली. आतिफने गाडी पुढे नेऊन लावली होती आणि ती, हिबा आणि आतिफ चालत आले होते. समिधाने एक नजर माझ्यावर टाकली, एक टोपावर. मग तिने पिशवीतून पळी काढून टोपात उरलेल्या सोलकढीत बुडवली आणि ती पोलिसाच्या नाकाखाली धरली.

त्याने वास घेतला. थांबला. पुन्हा घेतला.

"थूम?" तो म्हणाला.

"हो, लसूण," हिबा अरबीत म्हणाली. "आणि जिरं. आणि नारळाचं दूध. दारूत लसूण घालणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय का?"

पोलिसाने प्रामाणिकपणे विचार केला आणि मान हलवली. मग तो यासिरकडे वळला. भर रस्त्यात असा पाय दाबल्याबद्दल त्याने यासिरला चांगलंच झापलं. यासिर मान खाली घालून ऐकत होता. पोलिस जायला निघाला आणि दोन पावलांवर थांबला. वाकून त्याने नव्या गाडीच्या मागच्या चाकांकडे पाहिलं, मग पुढे उभ्या जुन्या गाडीकडे. त्याने काहीतरी विचारलं.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

यासिरला ते सांगणं जड गेलं. "विचारतोय, हिची स्वतंत्र चाकं आहेत ना? मागून त्याला दिसलं म्हणे. त्याच्या भावाकडे अखंडवाली आहे, ती असं करत नाही."

आतिफ तिथेच होता. त्याने फक्त रुमाल काढून धाकट्या भावाची मान पुसली.

पोलिस गेल्यावर मी म्हटलं, "चला, निदान दुसरा टोप बघू." आतिफच्या गाडीतला टोप जवळजवळ भरलेला होता. मला राहवलं नाही. "म्हणजे अखंड अ‍ॅक्सलवर एकूण गळती कमी. आश्चर्य आहे. त्या उखडलेल्या पट्ट्यावर खरं तर..."

"मी मांडीवर घेऊन बसले होते," समिधा म्हणाली.

"हात लावू नको म्हटलं होतं ना?"

"फडकं ओलं व्हायला लागल्यावर कोण बघत बसेल?"

"अरे, मग प्रयोगच बाद झाला," यासिर मागून म्हणाला. त्याला वाटलं, तिला सगळं माहीत आहे. "कोणी हात लावायचा नाही, असं ठरलं होतं. तूच सांगितलं होतंस ना, अबू ओंकार, की कॅनमध्ये आणली तर मोजता येणार नाही म्हणून."

शेजारून गाड्या जात होत्या. समिधाने पदराने टोपाची कड पुसली, पुसलेलीच पुन्हा पुसली, आणि मग मराठीत, फक्त मला कळेल असं म्हणाली, "तीन आठवडे मी हिच्यावर जीव लावला. तुमच्या दृष्टीने ते मोजायचं पाणी होतं, होय?"

मी "चुकलं" म्हणालो. ती गाडीत जाऊन बसली आणि टोप पुन्हा मांडीवर घेतला. जहरापर्यंत दोन्ही गाड्या इतक्या हळू गेल्या की पाण्याच्या टँकरने आम्हाला मागे टाकलं.

जहराच्या घरी बायकांची बाजू वेगळी आणि पुरुषांची बैठक, म्हणजे दिवानिया, वेगळी. मला यासिरचा धुतलेला दिशदाशा घालायला मिळाला. यासिर उंच आहे. मी तो दोन्ही हातांनी उचलून, नऊवारी सांभाळावी तसा, दिवानियात गेलो. तिथे सात-आठ माणसं गाद्यांवर रेलून बसली होती, आणि पहिल्या चहाच्या आत सगळ्यांना सगळं कळलं. मग वाद सुरू झाला. कोणी म्हणे रबराऐवजी धातूचे बुश बसवले की स्वतंत्र चाकं नाचत नाहीत, कोणी म्हणे मग ती गाडी राहत नाही, बैलगाडी होते. कोणी म्हणे वळणावर अखंड अ‍ॅक्सलला घेऊन दाखवा. प्रत्येक जण शेवटी माझ्याकडे वळायचा. एरवी मी अशा सभेसाठी महिनाभर उपास केला असता. त्या दिवशी माझे कान भिंतीपलीकडे होते. तिथून हसण्याचा आवाज आला, मग एकदम शांतता झाली. हसतायत की काय तिला? एक टोप आणि घरभर बायका. कोणाला पुरणार होतं?

तिकडे काय झालं ते मला अंगणात हिबाने सांगितलं. ग्लासात दिली तर निम्म्यांनाही मिळणार नाही, हे पाहून हिबाने कॉफीचे छोटे, बिनकानाचे कप काढले. घोटभर मावेल एवढे. समिधाने पहिला कप आतिफ-यासिरच्या आईला दिला. म्हातारीने गुलाबी रंग पाहिला, वास घेतला, नाक मुरडलं आणि प्यायली. सगळ्याजणी तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. तीच ती शांतता. मग तिने रिकामा कप पुढे केला.

"आमच्यात पुरे झालं की कप हातात किंचित हलवून परत देतात," हिबा म्हणाली. "नाही हलवला तर भरायचा. अम्माने कप हलवलाच नाही. मग दुसरीही हलवेना. समिधा बिचारी भरत राहिली, तिला वाटलं हीच पद्धत. टोप खरवडून झाला तेव्हा अम्माने विचारलं, एवढी मौल्यवान वस्तू आहे का ही, की एवढ्याशा कपातून देतात? मी म्हटलं, हो."

पुढच्या शुक्रवारी म्हातारीच्या बहिणीकडे अशीच सोलकढी हवी होती. तशाच छोट्या कपांतून.

समिधा बाहेर आली. चेहरा दमलेला होता, पण डोळे तीन आठवडे रात्री उशिरापर्यंत नारळ खोवणाऱ्या बाईचे नव्हते. आतिफने आणि यासिरने दोघांनीही सोडायला येतो म्हटलं. तिने हात जोडून दोघांना नकार दिला आणि हिबाला टॅक्सी बोलवायला सांगितलं. माझ्याशी ती अजून बोलत नव्हती. टॅक्सी आली तशी ती दोन रिकामे टोप घेऊन मागे बसली आणि दार लावलं.

मी दुसऱ्या बाजूने चढायला गाडीच्या मागून वळसा घातला. साधी, छोटी, चार दरवाजांची गाडी. मला नक्की आठवेना की या मॉडेलला मागे काय असतं. दिशदाशा सावरत मी जरासा वाकलो. नीट दिसेना, म्हणून गुडघ्यावर टेकलो.

टॅक्सीवाल्याला वाटलं, सगळे बसले. टॅक्सी निघाली.

मी तसाच गुडघ्यावर. समोरून मागची चाकं लांब लांब जात होती आणि त्यांच्यामधला दांडा आता उन्हात अगदी स्वच्छ दिसत होता. मागे दारात दोघे भाऊ, हिबा आणि म्हातारी उभी होती. कोणी हसलं नाही, याबद्दल मी त्या घराचा ऋणी आहे.

कोपऱ्यावर टॅक्सी थांबली. मी दिशदाशा उचलून धावत गेलो. समिधाने काच खाली केली आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. दार उघडलं नाही.

"आधी सांगा," ती म्हणाली. "एकत्र आहे का वेगळं?"

मी धापा टाकत होतो. "दोन्ही नाही. मधलाच प्रकार आहे. दांडा एकच, पण तो थोडा पिळला जातो. चाकं धड स्वतंत्र नाहीत आणि धड जोडलेली पण नाहीत."

तिने क्षणभर विचार केला.

"आणि चालतं का ते बरं?"

"स्वस्त असतं," मी म्हणालो, "आणि फारशी कुरकुर करत नाही."

तिने दार उघडलं, सरकून जागा केली आणि दोन्ही टोप माझ्या मांडीवर ठेवले. सालमियापर्यंत मी ते धरून बसलो होतो. रिकामेच होते, पण हात काढायची माझी हिंमत झाली नाही.